सिहोर, पुणे आणि पाटणे : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ज्योतिर्विदांचा एक विचारविनिमय

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या ज्योतिषशास्त्राचा इतिहास हा बऱ्याच अंशी पत्रांचा इतिहास आहे, हे विधान युरोपच्या बाबतीत आता सर्वमान्य झाले आहे. तेच विधान महाराष्ट्रातील ज्योतिर्विदांच्या बाबतीत कितपत खरे ठरते, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. आपल्याकडील त्या काळच्या ज्योतिष्यांची लखोट्यांत घालून पाठविलेली व क्रमवार जपून ठेवलेली पत्रे ओल्बर्स–बेसेल यांच्या संग्रहासारखी छापलेली उपलब्ध नाहीत. म्हणून परस्परांशी विचारविनिमय करण्याची रीतच येथे नव्हती, असा समज सहज होतो. हा समज निराधार आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा पहिला हेतू होय. दुसरा हेतू असा की, इ. स. १८३४ ते १८४१ या अवघ्या सात-आठ वर्षांत सिहोर व पुणे या दोन ठिकाणच्या पंडितांत जो वाद झाला, त्याचा उलगडा करण्यास खानदेशातील एक शिलालेख विशेष उपयोगी पडतो, हे निदर्शनास आणावयाचे आहे. वादाचा मूळ विषय भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ होता. आणि त्या ग्रंथाच्या अध्ययनासाठी राजाश्रयाने स्थापन झालेला मठ चाळीसगावजवळील पाटणे येथे होता. वादी-प्रतिवादींपैकी कोणासही ही गोष्ट ठाऊक असण्याचा संभव नव्हता, कारण लेख विद्वानांच्या नजरेस आला तो त्यानंतर सुमारे पाव शतकाने.

१

तुलनेसाठी प्रथम युरोपातील स्थिती थोडक्यात पाहू. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथील वेधशाळेत पियात्सी यास एक नवीन ज्योती दिसली. २४ जानेवारीस त्याने बर्लिनचा बोडे व मिलानचा ओरियानी यांस पत्रे लिहिली. बोडेस त्याने ती ज्योती धूमकेतू असल्याचे कळविले. परंतु ओरियानी हा मित्र असल्यामुळे, ती धूमकेतूपेक्षा अधिक मोलाची वस्तू असावी, हा मनातील तर्क त्याच्यापाशी उघड केला. पत्रे पोहोचून त्यांचा बोभाटा होईपर्यंत ती ज्योती सूर्यतेजात लुप्त झाली. गौस या तरुण गणितज्ञाने थोड्याशा वेधांवरून तिची कक्षा काढली, त्साख याने ती आपल्या मासिकात प्रसिद्ध केली, आणि १८०१ च्या अखेरीस व १८०२ च्या प्रारंभी त्साख व ओल्बर्स या दोघांस ती ज्योती पुन्हा सापडली. हीच सेरेस होय. त्साखच्या मासिकाचे नावच ‘मासिक पत्रव्यवहार’ अशा अर्थाचे होते. पुढे १८२१ मध्ये शूमाखर याने आल्टोना येथून जे ज्योतिषविषयक नियतकालिक काढले, त्यातही पुष्कळसा मजकूर संपादकास आलेल्या पत्रांच्या रूपानेच छापला जात असे.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात घ्यावयाच्या. पहिली अशी की, पत्र हे केवळ वार्ता कळविण्याचे साधन नव्हते; एकाने केलेला वेध दुसऱ्याने गणितात घ्यावा व तिसऱ्याने पडताळावा, अशी श्रमविभागणी त्यामुळे शक्य झाली. दुसरी अशी की, खाजगी पत्र आणि छापील लेख यांमधील सीमारेषा त्या काळी पातळ होती. एकास लिहिलेले पत्र शंभरांनी वाचावे, हीच अपेक्षा असे. आपल्याकडील साधनांकडे पाहताना ही दुसरी गोष्ट विसरता कामा नये.

२

आपल्याकडे शास्त्रीय विचारविनिमयाची जुनी साधने म्हणजे टीका, खंडन-मंडनाचे ग्रंथ आणि संमतिपत्रे ही होत. एखादा पक्ष उभा राहिला म्हणजे त्यावर प्रतिपक्षाने ग्रंथ करावयाचा, त्याच्या नकला काढून काशी, पैठण, पुणे, नागपूर अशा विद्यास्थानी पाठवावयाच्या, आणि तेथील विद्वानांच्या सह्या घ्यावयाच्या, ही रीत धर्मनिर्णयाप्रमाणे ज्योतिषातही चालत असे. ज्योतिषशास्त्रातील अशा वादांपैकी सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद म्हणजे सिद्धांत आणि पुराणे यांच्यातील विरोधाचा. पुराणांनुसार पृथ्वी सपाट, तिचा विस्तार पन्नास कोटी योजने, मध्यभागी मेरू पर्वत, आणि ग्रहणाचे कारण राहू. सिद्धांतकारांच्या मते पृथ्वी गोल, निराधार व अंतराळात स्थिर. भास्कराचार्यांनी तिचा परिघ ४९६७ योजने दिला आहे. आणि चंद्रग्रहणास पृथ्वीची छाया व सूर्यग्रहणास चंद्राचे आवरण कारण होय.

या विरोधाचा परिहार करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातच विशेष झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गोदातीरच्या पार्थपुरी, म्हणजे पाथरी येथे राहणाऱ्या ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर रचून पुराणमतास सिद्धांतात स्थान देण्याचा यत्न केला. महाभारताचा प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर हा मूळचा कोपरगावचा. त्यानेही सतराव्या शतकात सौर व पौराणिक मतांच्या समन्वयावर लिहिले. या परंपरेतील युक्तिवाद साधारणतः तीन प्रकारचे आढळतात. पुराणांतील वर्णन अन्य कल्पातील आहे, हा एक. पुराणांतील भूमी आणि सिद्धांतांतील भूगोल या वस्तूच भिन्न आहेत, हा दुसरा. आणि एका शास्त्राचे प्रयोजन गणित, दुसऱ्याचे उपासना, म्हणून दोहोंचा विषय एक नव्हे, हा तिसरा. यांस अनुलक्षून ‘अविरोध’ ही संज्ञा रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात जो वाद पेटला त्याची परिभाषा, अशा रीतीने, आधीच तयार होती.

३

या जुन्या वादास नवी दिशा दिली ती लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील हा गृहस्थ १८२९ पासून १८४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत भोपाळ दरबाराशी संबंधित अधिकारी म्हणून सिहोर येथे होता. तेथील शाळेत त्याने लीलावती, बीजगणित व सिद्धांतशिरोमणी यांचे अध्यापन सुरू करविले. भास्कराचार्यांचे ग्रंथ युरोपियनांस तोपर्यंत अगदी अपरिचित होते, असे नाही. लीलावतीचे टेलरकृत भाषांतर मुंबईस १८१६ मध्ये, व लीलावती-बीजगणितांचे कोलब्रूककृत भाषांतर लंडन येथे १८१७ मध्ये निघाले होते. परंतु ही भाषांतरे युरोपियन वाचकांसाठी होती. विल्किन्सनचा विचार निराळा होता. १८३४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने एक लेख लिहून असे प्रतिपादिले की, एतद्देशीयांस युरोपीय ज्योतिष थेट शिकविण्यापेक्षा आधी त्यांच्याच सिद्धांतग्रंथांचे अध्यापन करावे. पृथ्वीचा गोलाकार आणि ग्रहणांची खरी कारणे ही सत्ये त्यांच्याच आचार्यांनी सांगितलेली आहेत. ती एकदा पटली म्हणजे कोपर्निकसचे मत ही पुढची एक पायरी राहील.

हा लेख छापलेला असला तरी त्याचे स्वरूप दूरच्या विद्वानांस लिहिलेल्या निवेदनाचे आहे. त्यात सहकार्याची मागणी आहे, आणि माळव्यातील ज्योतिष्यांत सिद्धांत समजणारे मोजकेच उरले आहेत, ही तक्रारही आहे. पंचांगे सर्वत्र ग्रहलाघवादी करणग्रंथांवरून होत. करणग्रंथात तयार क्षेपक व सोप्या रीती दिलेल्या असल्यामुळे उपपत्ती समजून घेण्याची गरजच पंचांगकर्त्यास भासत नसे. गणेश दैवज्ञाचा ग्रहलाघव ज्या मानाने लोकप्रिय झाला, त्या मानाने सिद्धांतांचे अध्ययन मागे पडले, हे निरीक्षण मार्मिक आहे आणि ते महाराष्ट्रासही लागू पडते.

विल्किन्सनचे प्रमुख सहकारी सुबाजी बापू होत. त्यांनी शके १७५८ मध्ये, म्हणजे १८३६ साली, सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. पौराणिक, सैद्धांतिक व कोपर्निकसची अशा तीन मतांची तुलना त्यात असून पहिल्याचे खंडन, दुसऱ्याचे समर्थन आणि तिसऱ्याचा स्वीकार असा त्याचा क्रम आहे. ग्रंथ मराठीत लिहिला गेला ही बाब महत्त्वाची आहे. ‘दर्पण’ निघून त्या वेळी अवघी चार वर्षे झाली होती. मराठी छापखान्यांचा वाचकवर्ग मुंबई-पुण्याकडे नुकताच तयार होत होता. सिहोर येथे बसून मराठीत लिहिणे म्हणजे माळव्यातून दक्षिणेकडे तोंड करून बोलणे होय. ज्या पंडितांचे उत्तर अपेक्षित होते, ते पुण्यास होते.

४

उत्तर आले ते पुण्याहूनच. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात स्थापन झालेल्या पुणे संस्कृत पाठशाळेत ज्योतिषाचे अध्यापन करणारे यज्ञेश्वर सदाशिव ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी अविरोधप्रकाश हा संस्कृत ग्रंथ रचून सुबाजींचे खंडन केले. यज्ञेश्वर हे केवळ पुराणाभिमानी शास्त्री नव्हते. यंत्रराजावर वासनाटीका आणि साताऱ्याचे चिंतामणी दीक्षित यांच्या गोलानंद या यंत्रविषयक ग्रंथावर लेखन करणारे ते जाणते गणिती होते. म्हणजे ज्याने पुराणांचा पक्ष घेतला, त्याच्या हातात वेधयंत्र होते. हा वाद अडाणी व सुशिक्षित यांचा होता, ही कल्पना येथेच कोलमडते. यज्ञेश्वरांच्या ग्रंथास सुबाजींनी लगोलग अविरोधप्रकाशविवेक या संस्कृत ग्रंथाने प्रत्युत्तर दिले.

ग्रंथ, प्रतिग्रंथ आणि विवेक ही त्रयी एकत्र ठेवून पाहिली म्हणजे तिचे स्वरूप पत्रसंवादाचे आहे, हे कळून येते. प्रत्येक कृती ठरावीक व्यक्तीस उद्देशून आहे. प्रत्येकीत प्रतिपक्षाची वाक्ये घेऊन त्यांस क्रमाने उत्तर आहे. आणि प्रत्येकीस तिसरा श्रोता, म्हणजे देशोदेशीचे पंडितमंडळ, गृहीत धरलेला आहे. १८३७ च्या सतराव्या कायद्याने डाकखाते सार्वजनिक उपयोगासाठी संघटित झाले खरे, पण अंतरावर आकारले जाणारे टपालहशील सामान्य शास्त्र्यास परवडणारे नव्हते. अर्ध्या आण्याचे सरसकट टपाल सुरू झाले ते १८५४ मध्ये. अशा स्थितीत, एकच मजकूर अनेकांस पोहोचविण्याचा छापील ग्रंथ हा मार्ग दूरच्या वादासाठी सोयीचा होता. युरोपात पत्रे गोळा होऊन त्यांचे नियतकालिक झाले. आपल्याकडे ग्रंथानेच पत्राचे काम केले. फरक साधनाचा आहे, वृत्तीचा नव्हे.

तथापि एक खरा भेद आहे, तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. पियात्सी, गौस व ओल्बर्स यांच्या पत्रांत अंक आहेत: अमुक दिवशी अमुक वेळी अमुक स्थान. सिहोर-पुणे वादाचा भर वचनांवर व त्यांच्या अर्थावर आहे. वाद आकाशाविषयी असूनही निर्णय ग्रंथप्रामाण्याने व्हावयाचा होता. याचे कारण दोन्ही पक्षांनी भास्कराचार्यांस प्रमाण मानले, आणि भास्कराचार्य दोघांसही अनुकूल होण्याजोगे होते, हे होय.

५

हा मुद्दा जरा विस्ताराने पाहणे अवश्य आहे. गोलाध्यायाच्या भुवनकोशात भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या आधाराची कल्पना तर्काने मोडून काढली आहे. आधारास आधार, त्यास पुन्हा आधार असे मानीत गेल्यास शेवटी कशास तरी स्वशक्तीने स्थिर मानावेच लागते. मग पृथ्वीसच तसे का मानू नये? पृथ्वी सपाट दिसते त्याचेही उत्तर त्यांनी दिले आहे: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा दिसतो, आणि एवढ्या मोठ्या गोलावर मनुष्य अतिशय लहान. भूपरिघ काढण्याची रीतही त्यांनी सांगितली आहे. दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गावांचे अक्षांश व त्यांतील योजने घेऊन त्रैराशिक करावयाचे. विषुववृत्तापासून अवंती परिघाच्या षोडशांशावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर आहे. म्हणून ते अंतर सोळापट केल्यास भूपरिघ येतो, मग पुराणांतील अवाढव्य माने कशी टिकणार? सुबाजींचा पक्ष अशा स्थळांवर उभा आहे, आणि ही स्थळे निःसंदिग्ध आहेत.

परंतु त्याच गोलाध्यायात ग्रहणाची उपपत्ती सांगताना भास्कराचार्यांचा सूर वेगळा आहे. ग्रहणाचे कारण छाया व चंद्र हेच, हे गणिताने सिद्ध करून झाल्यावर ते म्हणतात की, तमोरूप राहू ब्रह्मदेवाच्या वराने चंद्रग्रहणी भूछायेत व सूर्यग्रहणी चंद्रात शिरतो. असे मानले म्हणजे श्रुती, स्मृती व पुराणे यांच्याशी विरोध राहत नाही. अविरोधाचा युक्तिवाद येथे सिद्धांतकाराच्याच मुखातून आला आहे. यज्ञेश्वरांच्या पक्षास याहून बळकट आधार कोणता हवा?

दोन्ही उतारे एकाच हातचे आहेत. त्यांपैकी एक खरा व दुसरा लोकानुनयाचा, असे म्हणून मोकळे होण्याची पद्धत आधुनिक लेखकांत आढळते. विल्किन्सनचाही कल तोच होता. पुराणांविरुद्ध वापरावयाचे शस्त्र म्हणून त्याला भास्कराचार्य हवे होते. सुबाजींची भूमिका मात्र इतकी सरळ नव्हती. विल्किन्सनने १८३९ मध्ये जातिभेदाचे खंडन करणारी वज्रसूची छापली, तेव्हा त्या पुस्तकास जोडून सुबाजींनी आपला टंक हा प्रतिवाद छापविला. पृथ्वी फिरते हे ज्याने मान्य केले, तो वर्णव्यवस्थेच्या बाबतीत आपल्या आश्रयदात्याविरुद्ध लेखणी उचलतो, यावरून सिहोरचे पंडित हे साहेबाचे प्रतिध्वनी होते, हा आक्षेप पुष्कळच दुर्बल होतो. सुबाजी व यज्ञेश्वर यांच्यातील अंतर दिसते त्याहून कमी आहे. धर्म टिकवावयाचा, हे दोघांसही मान्य. तो भूगोलाच्या कोणत्या कल्पनेवर उभा करावयाचा, एवढाच प्रश्न.

६

येथे खानदेशाकडे वळणे प्राप्त होते. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव असून तेथील भवानीच्या देवळातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल व भास्कराचार्य यांच्या कालनिर्णयाविषयी १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात त्याचा उपयोग केलेला आहे. पुढे कीलहॉर्न यांनी तो एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात संपादिला. कीलहॉर्न त्या वेळी पुणे सोडून ग्योटिंगेन येथे, म्हणजे गौसची वेधशाळा ज्या गावी होती तेथे, अध्यापक होते.

लेखातील वंशावळ सर्वपरिचित आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव. यादव राजा जैत्रपाल याने लक्ष्मीधरास सन्मानाने बोलावून नेऊन पंडितांत अग्रस्थान दिले. त्याचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आपल्या पितामहाच्या शास्त्राचा प्रसार व्हावा म्हणून मठ स्थापिला. सिद्धांतशिरोमणिप्रभृती भास्कराचार्यांचे ग्रंथ, तसेच त्यांच्या कुळातील इतरांनी रचलेले ग्रंथ, या मठात अवश्य शिकविले जावेत, अशी स्पष्ट आज्ञा लेखात आहे. यादवांचे मांडलिक निकुंभवंशी सोइदेव व हेमाडिदेव हे सोळाशे गावांच्या या प्रदेशाचे अधिपती होते. सोइदेवाने श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी मठास दान दिले. कीलहॉर्न यांच्या गणिताने तो दिवस ९ ऑगस्ट १२०७ हा येतो. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला तरी दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे: बाजारातील विक्रीवरचा हक्क, घाण्यामागे तेल, अशा स्वरूपाचा. पेठेतील वाणी व तेली यांच्याकडून यावयाच्या उत्पन्नावर हा मठ चालत होता.

गिरणाकाठच्या बहाळ येथील शके ११४४ (इ. स. १२२२) च्या लेखाने या चित्रास पूर्तता येते. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातील एका अध्यायावर व बृहज्जातकावर त्याने टीका लिहिल्या; आणि याच अनंतदेवाने बहाळ येथे भवानीचे देऊळ बांधले.

आता १८३७ चा वाद या दोन लेखांच्या प्रकाशात पाहावा. भूछायेने ग्रहण होते असे शिकविणाऱ्या ग्रंथाच्या अध्यापनासाठी ग्रहणाच्याच पुण्यकाळी दान दिले जाते. सिद्धांताचा मठ आणि भवानीचे देऊळ एकाच परिसरात नांदतात. ब्रह्मगुप्ताचा टीकाकार देवीचे मंदिर उभारतो. दात्यास, आचार्यास किंवा विद्यार्थ्यास यात काही विसंगत वाटल्याचे चिन्ह या लेखांत नाही. ग्रहणाची वेळ सिद्धांताने सांगावयाची, त्या वेळी दान धर्मशास्त्राने करावयाचे. ही वाटणी तेराव्या शतकाच्या प्रारंभी खानदेशात रूढ व्यवहार होता. भास्कराचार्यांचे राहूविषयीचे वचन या व्यवहाराचा शास्त्रीय उच्चार होय. त्यास भीरुतेचे किंवा लोकानुनयाचे लक्षण समजणे योग्य नाही.

एवढ्यावरून यज्ञेश्वरांचा पक्ष पूर्णतः विजयी होतो काय? तसे म्हणता येत नाही. पाटण्याच्या मठात शिकविला जाणारा भूगोल पुराणांचा नव्हता, सिद्धांतशिरोमणीचा होता. वादाचा निर्णय वचनांनी नव्हे, तर अध्यापनाच्या विषयाने झालेला होता. सुबाजींचा मुख्य आग्रह, म्हणजे सिद्धांत हा आपल्याच परंपरेचा गाभा असून त्याचे पद्धतशीर अध्ययन व्हावे, हा पाटण्याच्या लेखाने जसा सिद्ध होतो तसा अन्य कोणत्याही साधनाने होत नाही. विल्किन्सनने १८३४ मध्ये नवीन म्हणून जी योजना मांडली, ती सहाशे सत्तावीस वर्षांपूर्वी खानदेशात एका मांडलिक राजाच्या सनदेने अमलात आलेली होती. फरक इतकाच की, चांगदेवास सिद्धांत ही दुसऱ्या कशाकडे नेणारी पायरी वाटत नव्हती.

७

विल्किन्सनच्या मृत्यूने सिहोरचा उपक्रम थंडावला, पण संवाद खुंटला नाही. त्याने सिद्ध केलेले गोलाध्याय व गणिताध्याय १८४२ मध्ये कलकत्त्यास छापून निघाले. नगर जिल्ह्यातील गोदातीरच्या टोके येथील घराण्यात १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेवशास्त्री नागपुरास लीलावती शिकले होते. विल्किन्सनने त्यांस १८३८ मध्ये सिहोरास नेले, व पुढे ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. विल्किन्सनचे गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच शोधून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी १८५८ मध्ये कलकत्त्याच्या सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीच्या विवेचनात चलनकलनाचे तत्त्व आहे, असे प्रतिपादन केले. त्यास लंडनहून स्पॉटिसवुड या गणितज्ञाने १८६० मध्ये उत्तर दिले: भास्कराचार्यांची सूक्ष्मदृष्टी मान्य, परंतु अत्यल्प राशींची स्पष्ट कल्पना तेथे नाही. या उत्तर-प्रत्युत्तरात वचनप्रामाण्याचा प्रश्नच उरलेला नाही. ग्रहाच्या दोन क्षणांतील गतीचे गणित कसे केले, एवढाच विषय आहे. सिहोरच्या वादापासून दोन तपांत झालेले हे स्थित्यंतर लहान नव्हे.

या परंपरेची पुढची कडी पुन्हा खानदेशात येते. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे १८९० नंतरच्या काही वर्षांत धुळे येथील ट्रेनिंग स्कूलमध्ये अध्यापक होते. फ्लीट यांच्या गुप्तलेखांच्या १८८८ मधील संग्रहासाठी त्यांनी कालगणनेचे काम केले होते. मद्रासचे सेवेल यांच्यासमवेत त्यांनी रचलेला भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये निघाला, आणि त्यात व्हिएन्नाचे श्राम यांची ग्रहणकोष्टके समाविष्ट आहेत. मद्रास, व्हिएन्ना व महाराष्ट्र यांना जोडणारे हे काम टपालाच्या आधारावाचून होणारे नव्हते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्र या मराठी ग्रंथात दीक्षितांनी सुबाजी, यज्ञेश्वर व बापूदेव या सर्वांची नोंद केली आहे. वादातील कोणाचाही वकील न होता प्रत्येकाचे ग्रंथ, शक व मत नमूद करावयाचे, हा त्यांचा बाणा. मराठीत ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा पाया तेथे घातला गेला.

सारांश, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी ज्योतिर्विदांचा परस्परसंवाद होता. तो ग्रंथरूपाने चालला. आणि त्याचा विषय पूर्व विरुद्ध पश्चिम हा नसून भास्कराचार्यांचे वाचन कसे करावे हा होता. या दृष्टीने पाहिल्यास पुढील अभ्यासाची दिशाही स्पष्ट होते. सिद्धांतशिरोमणिप्रकाश, अविरोधप्रकाश व अविरोधप्रकाशविवेक या तिन्ही ग्रंथांचे एकत्र, प्रत्येक उत्तर त्याच्या पूर्वपक्षासमोर ठेवून केलेले संस्करण मराठीत होणे अगत्याचे आहे. त्याच्या जोडीस खानदेशातील जोशी घराण्यांच्या दप्तरांतील पंचांगे, करणग्रंथांच्या नकला व त्यांच्या समासांतील टिपा तपासल्या पाहिजेत. ग्रहलाघवाच्या पोथीच्या समासात एखाद्या जोशाने ग्रहणाची गणिताने आलेली व प्रत्यक्ष दिसलेली घटिका शेजारी शेजारी लिहून ठेवलेली असली, तर ती नोंद पियात्सीच्या पत्राच्याच जातीची समजावी. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था असताना आणि पाटण्याचा लेख जवळ असताना हे काम येथील विद्यार्थ्यांनी हाती घेणे उचित होईल. चांगदेवाने मठ स्थापिला तो ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नव्हे. ते शिकविले जावेत यासाठी.